ऐकू येणारा माणूस

चार हजार हर्ट्झला पाच डेसिबल. तिने आवाज पुन्हा दिला, या वेळी जरा थांबून, कारण ठरावीक ठेक्यात आवाज दिले की माणसं न ऐकताच अंदाजाने बटण दाबतात. आणि जाड काचेपलीकडे, आवाजबंद खोलीतल्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्याचा अंगठा पुन्हा खाली गेला. तिच्यासमोरचा लहान दिवा लागला. मग तिने काहीच आवाज न देता वीस सेकंद नुसतं बसून पाहिलं. खोटं दाबणारा शांततेत हमखास फसतो. दिवा लागला नाही. नवरा गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीकडे तोंड करून बसला होता. मानेवरचे केस नुकतेच कापलेले होते. त्या मानेत इतकं लक्ष होतं, की क्षणभर तिला वाटलं, या माणसाला आपण कधी पाहिलेलंच नाही. पाच डेसिबल म्हणजे काय, हे ती एकवीस वर्षं पेशंटच्या नातेवाइकांना समजावून सांगत आली होती. कानाशी केलेली कुजबुज तीसच्या आसपास असते, घरातला पंखा चाळीस-पन्नास. पाच म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तिने उजव्या कानाचे तांबडे गोल काढले, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या काढल्या, आणि सगळी ओळ कागदाच्या वरच्या कडेला चिकटून सरळ गेली. छप्पन वर्षांच्या माणसाच्या कागदावर पंचविशीतल्या पोराचा आलेख.

शनिवार होता. दवाखाना दुपारनंतर बंद होता. सोमवारी ती दोघं आठ दिवसांच्या सुट्टीवर निघणार होती, आणि त्याआधी त्याचे कान मोजून यंत्राची मागणी नोंदवून टाकावी, असं तिच्या मनात होतं. दोन वर्षं तो टाळत होता. आज मात्र विचारल्याबरोबर म्हणाला, "चल, होऊन जाऊ दे एकदाचं."

तो चष्मा ठीक करत बाहेर आला. "कसं आहे?"

"थोडं कमी आहे," ती म्हणाली. त्याच्यासमोर उभी राहून, ओठ नीट हलवत, मोठ्याने. दोन वर्षांच्या सवयीने. "वयोमानाने होतं. आल्यावर बघू."

तिने कागदाची चौघडी करून पर्समध्ये टाकली. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि दिवे मालवायला मदत करू लागला.

असं काही बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. खोटं अगदी तयार असल्यासारखं तोंडातून निघालं, जसं फोनवर "आम्ही मजेत" निघतं. सोमवारी बेटावरच्या विमानतळाबाहेर भाड्याची लहान पांढरी गाडी ताब्यात घेताना, तो सीट पुढे ओढत, आरसा वळवत असताना ती त्या एका वाक्याभोवतीच फिरत होती. गाडी तो चालवणार होता. तिने मांडीवर नकाशा घेतला. बेटांची ती एक लांबलचक माळ होती. काही पुलांनी जोडलेली, काहींमध्ये गाडीसकट नेणारी बोट. लेकीने सगळं ठरवून, मुक्कामाच्या जागा राखून, वर बजावलं होतं, "तुम्ही दोघांनी फक्त आराम करायचा. भांडायचंसुद्धा नाही." भांडणं त्यांच्यात होत नसत. भांडायला एकाने बोलावं लागतं आणि दुसऱ्याने ऐकावं लागतं. रस्त्याच्या एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला सुरूची झाडं होती. झाडांच्या मधूनमधून समुद्र दिसे, आणि तो इतका उथळ, इतका फिक्या हिरव्या रंगाचा होता, की तिला प्रयोगशाळेतलं द्रावण आठवलं. गाडी ताशी चाळीसच्या वर न्यायची नाही असा तिथे नियमच होता. नवऱ्याला तो फार आवडला. "असं पाहिजे," तो म्हणाला. तिने "हं" म्हटलं, आणि मग आठवण येऊन मोठ्याने म्हटलं, "हो, छान आहे!"

हे सगळं सुरू झालं त्याला तसं सबळ कारण होतं, असं ती स्वतःला सांगत होती. नवरा लिफ्ट तपासायचा. तीस वर्षं इमारतींच्या गच्चीवरच्या मोटारीच्या खोल्यांत, लोखंडी दोरांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस. अशा माणसांच्या आलेखात चार हजाराला खड्डा पडतो; तिने असे शेकडो खड्डे काढले होते. म्हणून जेव्हा तो हाकेला ओ देईनासा झाला, विचारलेल्याला उत्तर देईनासा झाला, पेपरातून मान वर करीनासा झाला, तेव्हा तिला निदान करायला दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती. कचेरीत तो लोकांशी नीट बोलतो, हे तिच्या कानावर आलं होतं. त्यालाही तिच्याकडे उत्तर होतं: बायकांचा आवाज वरच्या पट्टीतला, तो आधी जातो. त्याच्या हाताखालचा मेकॅनिक एकदा घरी येऊन म्हणाला होता, "वहिनी, साहेब नुसतं दाराला कान लावतात आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतात." तिने हसून चहा दिला होता. जाड आवाज, तो तर ऐकू येणारच. ज्या बाईने एकवीस वर्षं एकाही पेशंटला न मोजता बहिरं म्हटलं नव्हतं, तिने घरातल्या माणसाला न मोजता बहिरं ठरवून टाकलं, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना सांगितलंसुद्धा, "भिंतींना कान असतात म्हणतात ना, आमच्याकडे फक्त भिंतींनाच आहेत." डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या होत्या.

पण बेटावरच्या त्या सावकाश रस्त्यावर तिच्या डोक्यात घोळत होतं ते हे निदान नव्हे. माणूस चुकतो, तीही चुकली. खरी गोष्ट वेगळीच होती. त्याला ऐकू येत नाही असं ठरल्यावर ती बोलू लागली होती. आधी किरकोळ. तो गॅलरीत पेपर वाचत पाठमोरा बसलेला असे, ती मागे इस्त्री करत असे, आणि शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवताना म्हणे, "आज पुन्हा दवाखान्यातली नवी मुलगी उशिरा आली." उत्तर येत नसे. उत्तर न येण्यात एक विलक्षण सुख होतं. कुणी सल्ला देत नव्हतं, कुणी "जाऊ दे गं" म्हणत नव्हतं. हळूहळू रविवारची दुपार म्हणजे इस्त्री आणि बोलणं असं झालं. तिने त्या पाठीला सांगितलं की दवाखान्यात आता तिचा हात कापतो आणि ती तो खिशात ठेवते. तिने सांगितलं की आई गेली त्या दिवशी तिला सर्वांत आधी झोप आली होती, रडू नव्हे, आणि ती अंघोळीच्या नावाखाली न्हाणीघरात बसल्या बसल्या झोपली होती. हे तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. आणि गेल्या थंडीत एकदा, चादरीची घडी घालताना, आवाज न चढवता न उतरवता, ती म्हणाली होती, "हा गेला की ही खोली मी पांढरी रंगवून घेईन. सगळं काढून टाकीन. एक पलंग, एक खुर्ची." तेव्हा ते तिला वाईट वाटलं नव्हतं. ते वाक्य म्हणजे एखाद्या दूरच्या गावाचा नुसता पत्ता होता. आता गाडीत, त्याच्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर बसून, ती ते वाक्य मोजत होती. साधं बोलणं साठ डेसिबल. गॅलरी चार मीटरवर, दार उघडं. त्याच्यापर्यंत पोचताना पन्नासच्या जरा खाली. ऐकू न येण्याची शक्यता शून्य.

दुसऱ्या बेटावर तिने चाचण्या घ्यायला सुरुवात केली, आणि त्यांत शिस्त नव्हती याची तिला लाज वाटली. ती मुद्दाम खिडकीकडे तोंड करून हळू म्हणे, "पुढे शेळी आहे," आणि तो वेग कमी करी. पण शेळी त्यालाही दिसतच होती. ती म्हणे, "पाणी संपलं वाटतं," आणि दहा मिनिटांनी तो दुकानापाशी गाडी थांबवी; पण दहा मिनिटांनी कुणीही थांबवली असती. एकदा लेकीचा फोन आला. तिने तो गाडीतच मोठ्या आवाजावर लावला. लेक ओरडली, "बाबा! कसं चाललंय?" तो म्हणाला, "अगं, ओरडू नकोस, समुद्र बिचकतोय." लेक हसली. "आई बोलते ते ऐकू येतं ना? तिकडच्या माशांना तर नक्की येत असेल!" तो रस्त्याकडे पाहत हसला. हसताना त्याच्या गालाला जी उभी रेघ पडते ती तिने पुष्कळ दिवसांनी पाहिली. फोन बंद झाला. चाकांखाली बारीक खडीचा आवाज येत राहिला. आता बोलावं, असं तिला वाटलं. पर्समधून कागद काढावा, त्याच्या मांडीवर ठेवावा, एवढंच करायचं होतं. पण मग तो विचारणार, "मग सांगितलं का नाहीस?" आणि त्यालाही एकच खरं उत्तर होतं: कारण तू ऐकलंस का, हे मला कळायला नको होतं. ती नकाशाच्या घड्या बोटांनी दाबत राहिली. संध्याकाळी दोघं पुळणीवर चालली. वाळू पोवळ्याच्या चुऱ्याची होती, पायाखाली कुरकुरणारी. तो पुढे चालत होता. त्याच्या पाठीकडे पाहताना तिच्या तोंडात शब्द आपोआप जमू लागले, लाळ जमावी तसे, आणि तिने ओठ मिटून घेतले. पाठ होती, पण आता तिला कान होते. असं एकटं तिला आईच्या मरणानंतरही वाटलं नव्हतं.

शुक्रवारी ती दोघं पाचव्या बेटावर पोचली. मुक्काम एका बैठ्या घरात होता. मालकीणबाईंनी किल्ली दिली, खिडकीखालचा पाण्याचा नळ दाखवला आणि त्या गेल्या. दुपारचे तीन वाजले होते. खोलीच्या चारी भिंती पांढऱ्या होत्या. दोन पलंग, एक खुर्ची, खिडकीत समुद्र. बाहेरचा उजेड वाळूवरून उसळून छतावर हलत होता. ती दारातच थांबली. नवऱ्याने बॅगा खाली ठेवल्या, खोलीभर नजर फिरवली, मग दिव्याच्या बटणापाशी गेला, वाकून पाहिलं, जसा लिफ्टच्या दाराची फट पाहायचा तसा.

"पांढरा लवकर मळतो," तो म्हणाला. "हे बघ, बटणाभोवती. दर दोन वर्षांनी हात मारावा लागेल तुला."

तिने दाराची चौकट धरली. लाकूड खारट हवेने खरखरीत झालं होतं, ते तिला बोटांना नीट जाणवलं. तिच्या छातीत काहीतरी फार जोरात आणि फार नियमित चाललं होतं, आणि ते किती डेसिबल असेल, असा वेडगळ विचार मनात आला.

"किती ऐकलंस?" तिने विचारलं. नेहमीच्या आवाजात. दोन वर्षांनी पहिल्यांदा.

"सगळंच. घर केवढंसं आहे आपलं."

"चोर आहेस तू."

"हो."

"दोन वर्षं!"

"तू पण सहा दिवस," तो म्हणाला, आणि खुर्चीत बसला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तिला बरं झालं असतं. "मला वाटलं होतं, त्या दिवशी तूच सांगशील. म्हणून तर बसलो तिथे. मोजल्यावर तुला कळणारच होतं. तू कागद दुमडलास."

"आणि आधी? आधी का नाही सांगितलंस?"

त्याने बटणाभोवतीच्या डागाकडे पाहिलं. मग सांगू लागला. सुरुवातीला एकदा तिने काहीतरी विचारलं होतं, लेकीच्या शिक्षणाबद्दल असेल, आणि त्याच्याकडे खरंच उत्तर नव्हतं, म्हणून तो गप्प बसला. तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तोंडाकडे पाहत म्हणाली, ऐकू येत नाही का रे तुला? "तुझा हात ओला होता," तो म्हणाला. "तू अशी कधी समोर येऊन बसली नव्हतीस. मी काही खोटं बोललो नाही. नुसती मान हलवली. मग तू रोजच तशी यायला लागलीस. खांद्याला हात लावून मग बोलायचीस. मला ते मोडवेना."

"आणि मी मागून बोलत होते ते?"

"ते सुरू झालं तोवर उशीर झाला होता. मध्येच कसं सांगणार, बाई गं, ऐकतोय मी? प्रत्येक रविवारी आणखी उशीर होत गेला."

"उत्तर तरी द्यायचंस. आईचं सांगितलं तेव्हा तरी."

"तू माझ्याशी बोलतच नव्हतीस," तो म्हणाला.

 ती पलंगाच्या कडेला बसली. छतावरचा उजेड हलत होता. मालकीणबाई बाहेर बादली भरत होत्या, आधी रिकाम्या पत्र्याचा आवाज, मग भरत आलेल्या पाण्याचा. थोड्या वेळाने तो म्हणाला, "झोप त्या दिवशी मलाही आली होती. तुझी आई गेली तेव्हा. तुम्ही सगळ्याजणी रडत होता म्हणून मी बोललो नाही." तिने मान वर केली. तो बुटांच्या नाड्या सोडत होता. तिला त्याच्याजवळ जावंसं वाटलं आणि गेलीही असती. पण खांद्याला हात लावायचा तर आता कशासाठी लावायचा, हे तिला कळेना. इतके दिवस त्याला एक कारण होतं.

शनिवारचा अख्खा दिवस ती गप्प होती. रागाने नव्हे. आता राग शोधूनही सापडत नव्हता. गाडी पपईच्या बागांमधून, खारफुटीच्या कडेने, उन्हात पांढऱ्या पडलेल्या भिंतींच्या गावांतून जात राहिली, आणि तिला हळूहळू कळत गेलं की कुणीतरी गेलंय. गॅलरीतला तो पाठमोरा माणूस. त्याला तिने जेवढं सांगितलं तेवढं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तो कधी अस्तित्वातच नव्हता. त्याच्या जागी हा होता. चांगला, मिस्किल, कडेकडेने गाडी हाकणारा, पाच डेसिबल ऐकणारा. याला काय सांगायचं असतं? सव्वीस वर्षांचा संसार, आणि याला सांगण्यासारखं एक वाक्य तिला जुळवता येत नव्हतं. तिने काही वाक्यं मनात बांधून पाहिली. ती सगळी एक तर बाजारहाटाची निघत किंवा तक्रारीची. जेवताना तो म्हणाला, "मीठ कमी आहे," ती म्हणाली, "हो," आणि दोघांचेही आवाज अगदी बरोबर पट्टीत होते. दवाखान्यात असा संवाद ऐकला असता तर तिने कागदावर लिहिलं असतं: सर्वसाधारण.

रविवारी परतीच्या वाटेवर लांब पूल लागला. दोन बेटांमध्ये पाण्यावरून सरळ गेलेला, तीन किलोमीटर, दोन्ही अंगांना काही नाही. बरंच अंतर गेल्यावर तो समोर पाहतच म्हणाला, "बोल तू. मला ऐकू येत नाही."

तिला हसू फुटलं, आधी नाकातून, मग खरंखुरं. आणि ते मध्येच कुठेतरी तुटलं. "गाडी थांबव," ती म्हणाली.

पुलाच्या मध्यावर गाड्यांना थांबायला थोडी रुंद जागा होती. दार उघडल्याबरोबर वाऱ्याने ते तिच्या हातातून ओढून घेतलं. असा वारा तिने आयुष्यात अनुभवला नव्हता. तो कानांत शिरत नव्हता, कानांवर आदळत होता. कठड्याला हात टेकून ती पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. तो गाडीच्या मागे, आठ-दहा पावलांवर होता. तिने नकळत हिशेब केला: वारा ऐंशीच्या वर, आपण साठ, तोंड उलट दिशेला. काहीही पोचणार नाही. आणि ती बोलली. "मला फार एकटं वाटतं," ती म्हणाली. "तू शेजारी असताना जास्त. मला तू गेलेला नको आहेस. तू असताना एकटं वाटायला नको आहे." शब्द तोंडाबाहेर पडले की वारा ते आडवे उडवून नेत होता, तिचे तिलासुद्धा नीट ऐकू आले नाहीत. तिने डोळे पुसले, केस कानांमागे सारले आणि वळली.

तो कठड्यापर्यंत आला होता. एका हाताने चष्मा धरून, मान पुढे काढून, डोळे बारीक करून तिच्या तोंडाकडे पाहत होता.

"काय म्हणालीस?" तो ओरडला. "वाऱ्यात कळलं नाही!"

"काही नाही" तिच्या जिभेवर आलं. अगदी तयार होतं. त्याने हात कानामागे धरला आणि तो आणखी एक पाऊल पुढे आला. तेव्हा ती चार पावलं चालून त्याच्यापाशी गेली, त्याच्या कानाशी तोंड नेलं, आणि ती चारही वाक्यं, एक शब्दही न बदलता, पुन्हा म्हणाली.

त्याने ऐकलं. ते त्याच्या मानेवरून तिला कळलं.  एक ट्रक गेला, पूल पायांखाली थरथरला. मग एक लहान गाडी गेली. ती तशीच उभी राहिली, त्याच्याकडे तोंड करून, आणि त्याच्या उत्तरासाठी थांबली.